घट कुणी लवंडायचा

लोहारा,
१२ जानेवारी २०२४

योगीराजराव यांस आण्णासाहेबांचा रामराम.

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून दचकू नका, घरात सगळे जिते आहेत. हा विषय फोनवर बोलण्यासारखा नाही. आमच्याकडं फोन वाजला की चौघंजण कान लावतात, आणि तुम्ही फोनवर दोनच शब्द बोलता, एक 'बरं' आणि दुसरा 'बघू'. पत्रात मात्र तुमची गाडी सुटते, असं तुमच्या आक्काकडनं ऐकून आहे.

तर राजेश्वरीनं सोनारीच्या जावयावर कोर्टात डिव्होर्स लावलाय. बापाला न विचारता. परंड्यात खोली करून राहती, शिकवण्या घेती. वकिलाचा कागद इंग्रजीत आला. भावकी बसली तेव्हा पुतण्या शंभूनं तो वाचला, त्यात तो शब्द सारखा सारखा. नाना म्हणाले, ह्याला आपल्यात काय म्हणतात? एकजण म्हणाला फारकत, एकजण म्हणाला काडीमोड. बापू म्हणाले, सोडचिठ्ठी. त्यावर नाना म्हणाले, "सोडचिठ्ठी नवरा देतो रं, बाई कुठनं देती?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

शिवांजलीचं उमरग्याच्या पाहुण्यांशी जमत आलंय. माणसं चांगली आहेत, पोरगा नोकरीला आहे. फक्त त्यांनी विचारलंय की थोरलीचं काय? मी काय सांगावं? थोरलीनं केलंय त्याला आधी नाव तर पाहिजे. तुम्ही संस्कृतवाले. डिव्होर्सला मराठीत खरा शब्द कोणता, तो कुठनं आला, खुलाशानं लिहा. धाकट्या भाचीचं लगीन आता तुमच्या हातात आहे म्हणा.

थोरलीच्या हाताचं विचाराल, तर मनगट आता भरून आलंय. जावई म्हणतो, दारात अडकून पडली.

तुमची आक्का बरी आहे. तिला ह्या पत्राचं सांगितलेलं नाही.

आपला,
आण्णासाहेब



कळंब,
१९ जानेवारी २०२४

ती. दाजी,

नमस्कार. आक्काचं लग्न झाल्यापासून तुम्ही मला संस्कृताबद्दल याआधी एकदाच विचारलं होतंत: "ह्याच्यावर पोट भरतं का?" त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. म्हणून हा दुसरा प्रश्न आधी घेतो.

भावकीत जेवढे शब्द निघाले तेवढे सगळे खरे आहेत. फक्त प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. फारकत आपल्या मुलखात निजामाच्या कचेरीतून आला. कोरडा, स्वच्छ शब्द. दोघं वेगळे झाले, पुढचं विचारू नका, एवढंच तो सांगतो. माझ्या मते सगळ्यांत सभ्य. काडीमोड म्हणजे पंचांसमोर काडी मोडायची. ती मोडते क्षणात, पण कुठला तुकडा कुणाचा यावर पंच पुढची दोन वर्षं जेवतात. सोडचिठ्ठीचं नानांनी बरोबर ओळखलं. ती चिठ्ठी कायम एकाच हातानं लिहिलेली असते.

आमच्या शाळेसमोर हनीफचं टायपिंगचं दुकान आहे. कोर्टाचे सगळे कागद त्याच्या बोटांखालून जातात, म्हणून त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, आमच्यात मर्दानं दिला तर तलाक, औरतनं मागितला तर खुला. तुमच्यात औरतनं मागितल्याला निराळा शब्दच न्हाय व्हय?" मी म्हटलं, नाही. "मग ती मागती कशी?" मी त्याचा चहा पिऊन निघून आलो.

आता राहिला कोर्टाच्या मराठीतला शब्द, घटस्फोट. याची गंमत ऐका. नवराबायकोंनी वेगळं व्हायची सोय आपल्या शास्त्रात नव्हती, मग तिला शब्द कुठून असणार? इंग्रजी शब्द दारात येऊन उभा राहिला तेव्हा भाषांतर करणारानं माळ्यावरचं जुनं भांडं काढलं आणि त्यात हा नवा माल भरला. घटस्फोट मुळात नवराबायकोंचा नाहीच, तो भाऊबंदांचा. घरातल्या कुणी महापातक केलं आणि तो प्रायश्चित्तही घेईना, तर भाऊबंद त्याला जिवंतपणी मेलेला ठरवीत. त्याच्या नावानं पाण्यानं भरलेला घट पायानं लवंडायचा. एक दिवस सुतक धरायचं. त्यानंतर त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याजवळ बसायचं नाही. आज वकील रुबाबात 'घटस्फोटाचा अर्ज' म्हणतात, तेव्हा आपण कुणाच्या मयताला आलो आहोत हे त्यांना ठाऊकही नसतं.

तेव्हा पाहुण्यांना सांगा, फारकत झाली. आणि राजेश्वरीला घरी घेऊन या. अकरावी-बारावीला ती माझ्याकडे होती, घरात तेवढी दोनच वर्षं कुणी माझं पूर्ण वाक्य ऐकून घेतलं. मनगटाचं म्हणाल, तर दारात अडकून मनगट मोडायचं म्हणजे त्या दाराला फारच मन लावून काम करावं लागतं. जावयाला विचारा, दार कुठल्या सुतारानं केलं.

आक्काला नमस्कार.

तुमचा,
योगीराज



लोहारा,
३० जानेवारी २०२४

योगीराजराव यांस रामराम.

पत्र मिळालं. घटस्फोटाचा भाग भावकीत वाचून दाखवला, लई पसंत पडला. नाना म्हणाले, "बघा, आपल्या मेव्हण्याच्या डोक्यात एवढं हाय आणि आपण त्याला शाळामास्तर समजत होतो."

आता नानांची आणि बापूंची पैज लागलीय, म्हणून थोडं आणखी विचारतो. हे करायला दिवस कोणता लागतो? वेळ कोणती? कोण कोण समोर बसतं? ज्याचा घट, तो माणूस हजर लागतो का? आणि मुख्य म्हणजे, पायानं लवंडायचा असं लिहिलंत, पण पाय कुणाचा? नाना म्हणतात बापाचा, बापू म्हणतात थोरल्या भावाचा. आम्हा कुणब्यांना हे चालतं का, तेही कळवा.

तुरीच्या राशीची गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

आण्णासाहेब



कळंब,
५ फेब्रुवारी २०२४

ती. दाजी,

माझ्या वर्गात चाळीस मुलं बसतात. त्यातल्या एकानंही आजवर 'पाय कुणाचा' असा प्रश्न विचारलेला नाही. तुम्ही शेतीत वाया गेलात.

दोन्ही पाव्हणे पैज हरले. पाय बापाचाही नाही, भावाचाही नाही. शास्त्रानं ते काम दासीला दिलंय. दिवस वाईट निवडायचा, अमावास्येसारखा. वेळ दिवस कलतानाची. भाऊबंद आणि गुरू समोर बसलेले. दासीनं दक्षिणेकडे तोंड करून घट लवंडायचा, मग सगळ्यांनी अंघोळ करायची. ज्याचा घट त्यानं हजर असण्याची गरज नाही. मेलेल्याला कोण आमंत्रण देतं? कुणब्यांना चालतं का म्हणाल, तर कुणब्याच्या पोराला संस्कृत चाललं, आता काय चालत नाही?

अडचण एकच, दासी. ती हल्ली मिळत नाही. तुमच्या घरात बिनपगारी अशी एकच आहे, ती माझी आक्का. आणि तिनं आजवर उंबऱ्यालासुद्धा पाय लागू दिला नाही, घटाला काय लावणार! तेव्हा नानांना सांगा, दासीअभावी कार्यक्रम रद्द.

बायकांपुरती पुढं आणखी एक ओळ आहे. पण ती रुक्ष आहे आणि माझा नववीचा तास सुरू होतोय, म्हणून सोडतो. पैजेतला माझा वाटा तुरीच्या रूपानं आला तरी चालेल.

राजेश्वरीला आणलंत का? त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

योगीराज



लोहारा,
१३ फेब्रुवारी २०२४

मामा,

नमस्कार. हे पत्र मी अलिजाच्या घरातून लिहिते. माझ्या वर्गातली अलिजा, इथल्या दवाखान्यात नर्स आहे. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठवा.

शुक्रवारी मी आईला भेटायला आले. अमावास्या होती हे माझ्या ध्यानात नव्हतं. फाट्यावर जीप सोडली आणि चालत घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. घरापुढच्या हौदावर आपली सगळी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळी करत होती. हौदावर संध्याकाळच्या अशा अंघोळी एकाच कारणानं होतात. माझ्या मनात आधी आईच आली. पळत गेले. नानांना विचारलं, "कोण गेलं?" त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि चूळ थुंकली. शंभूला विचारलं. तो धोतर पिळत होता, पिळतच राहिला. आण्णा पाठमोरे झाले. मी सगळ्यांना विचारत फिरले मामा, ओरडून विचारलं. शेवटी सत्यभामा काकू भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "तिला कुणीतरी सांगा गं, राजेश्वरी गेली म्हणून."

आई ओसरीत ओल्या लुगड्यात बसली होती. पायाला चिंधी बांधलेली होती, त्यातून रक्त येत होतं. अंगणात खापरं. मी आई म्हणून हाक मारली. ती माझ्या दिशेनं बघत होती, पण कुणी नसलेल्या जागेकडं बघावं तसं.

पुढचं शिवांजलीनं दारामागून सांगितलं. शंभूनं तुमची दोन्ही पत्रं भावकीपुढं वाचली. दासीचं आलं तेव्हा आण्णा आईला म्हणाले, "मास्तरांनी तोडगा पण दिलाय. तुझं नाव लिहिलंय." आई घटाला पाय लावेना. आण्णांनी तिला पत्रातलं तुमचं अक्षर दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण तुमचं अक्षर ओळखता येतं. ती म्हणाली, "माझ्या योगीनं लिवलंय व्हय? मग त्यात पोरीचं भलंच असंल." आणि तिनं पाय मारला. पहिल्यांदा घट नुसता डुचमळला, म्हणून पुन्हा मारला.

तुम्ही थट्टा केली होती, हे मला वाचल्यावर कळलं. शिवांजलीनं पत्रांचे फोटो पाठवलेत. तुमची थट्टा मला ओळखू येते. तिथं दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

तुमची,
राजेश्वरी



कळंब,
१७ फेब्रुवारी २०२४

आण्णासाहेब,

फोन केले. तुम्ही उचलले नाहीत. एकदा शंभूनं उचलला आणि 'बरं' म्हणाला, 'बघू' म्हणाला. माझे शब्द मला परत मिळाले.

पैज नव्हती, हे आता कळलं. मी जे लिहिलं ते एका शब्दाच्या कुळाबद्दल होतं, तुमच्या मुलीबद्दल नव्हतं. तुम्हाला शास्त्रच हवं असेल तर आता नीट ऐका. हा विधी महापातक्याचा आहे. ब्रह्महत्या, सुरापान असली यादी आहे तिथं. नवऱ्याकडून मनगट मोडून घेणं त्या यादीत मला सापडलं नाही. मोडणाऱ्याबद्दल विचार करता येईल. सोनारीला एक घट पाठवायचा असेल तर मी स्वतः येऊन लवंडतो.

दुसरं. नववीच्या तासासाठी मी एक ओळ सोडली होती, ती अशी: बाई पतित झाली, तिचा घट लवंडला, तरीही तिला अन्न द्यावं, पाणी द्यावं, वस्त्र द्यावं आणि घराजवळ राहायला जागा द्यावी. म्हणजे ज्यांनी हा निर्दय विधी सांगितला, त्यांनासुद्धा मुलीला रस्त्यावर टाकणं सोसलं नाही. तुम्ही त्यांच्याही पुढं गेलात.

तिसरं. परतीची वाट आहे. सगळ्यांनी तिच्यासोबत स्वच्छ पाण्यात अंघोळ करायची आणि नवा भरला घट त्या पाण्यात सोडायचा. मग ती पूर्वीसारखी घरातली. नवा घट मी कळंबहून घेऊन येतो. दिवस तेवढा कळवा.

आक्काच्या पायाला दवाखान्यात नेलंत का?

योगीराज



लोहारा,
१८ मार्च २०२४

योगीराजराव यांस रामराम.

तुमचा राग समजला. रागातसुद्धा तुम्ही शास्त्र सोडलं नाहीत, ह्याचं भावकीत कौतुक झालं.

तुमच्या पत्राप्रमाणं व्यवस्था केली आहे. आमच्याकडनं चूक झाली होती, ती ओळ आम्हाला माहीत नव्हती. शंभू आणि बापू जाऊन राजेश्वरीला त्या नर्सबाईच्या घरनं घेऊन आले. घराच्या मागं कडब्याची खोली आहे, ती रिकामी करून दिली. म्हणजे घराजवळ झालं. दोन वेळचं ताट जातं, घागर जाते, दोन लुगडी दिलीत. तिच्याशी कुणी बोलत नाही, तिच्याजवळ कुणी बसत नाही. बैलांच्या गव्हाणीतनं तिचं दार दिसतं, त्यामुळं लक्ष राहतं. ती पण मुकाट्यानं आली. आईजवळ राहायला मिळतंय म्हणाली.

परतीच्या वाटेचं म्हणाल, तर प्रायश्चित्त घेईना म्हणून घट, असं तुम्हीच पहिल्या पत्रात लिहिलंय; म्हणजे आधी प्रायश्चित्त, मग नवा घट. तिनं कोर्टातला अर्ज मागं घ्यावा, सोनारीला नांदायला जावं. त्या दिवशी नवा घट मी विकत आणीन, तुम्ही कळंबहून तसदी घेऊ नका.

उमरग्याच्या पाहुण्यांना सगळं दाखवलं. घटाची जागा दाखवली, तुमचं पत्र दाखवलं. व्याही म्हणाले, एवढं शास्त्रोक्त घर आम्हाला दुसरं मिळणार नाही. लग्न मे महिन्यात धरलंय. पत्रिकेत तुमचं नाव प्रेषकांच्या वर, वेगळ्या ओळीत घालतोय. व्याह्यांच्या गावातल्या एकाच्या पोरीनं पळून जाऊन लगीन केलंय. त्यांनी विधी स्वच्छ अक्षरात मागितलाय. सवडीनं लिहून पाठवा.

तुमच्या आक्काचा पाय बरा आहे. लंगडती थोडी. तिनं त्या दिवसापासून तुमचं नाव काढलेलं नाही.

आपला,
आण्णासाहेब



कळंब,
२ एप्रिल २०२४

चि. राजेश्वरी,

परवा मी येऊन गेलो ते तू दाराच्या फटीतून पाहिलंस. मीही तुला पाहिलं. मग मी काय केलं, तेही तू पाहिलंस.

मी भांडायला आलो होतो. जीपमध्ये बसल्या बसल्या चांगली वाक्यं जुळवली होती. दाजींनी मला पाटावर बसवलं, अंगावर शाल घातली आणि चाळीस माणसांपुढं म्हणाले, "ह्यांच्यामुळं आमच्या घराची अब्रू राहिली." माझ्या आयुष्यातली पहिली शाल. ती झटकून टाकायला लागणारा हात मला वेळेवर हलवता आला नाही. मग मी तुझ्या खोलीकडं निघालो, तर नाना आडवे आले, "पंडित, तिकडं न्हाय. तुमीच लिवलंय." मी म्हणालो, मी लिहिलेलं मी मोडतो. ते म्हणाले, "तुमाला मोडता येतं, आमाला न्हाय येत. आमी अडाणी." आणि सगळे हसले. आक्का आतून बाहेर आलीच नाही.

तू फटीतून म्हणालीस, "मामा, आता नको, नंतर." मला ते ऐकून बरं वाटलं, याची मला लाज वाटते.

आता सरळ लिहितो. तू कळंबला निघून ये. तुझी जुनी खोली रिकामी आहे. शिकवण्या इथंही मिळतील. अर्ज मागं घेऊ नकोस. ज्या मुलीनं माझं पूर्ण वाक्य ऐकलं, तिला कडब्याच्या खोलीत ठेवून मी वर्गात कुठल्या तोंडानं उभा राहू? विधी लिहून मागितलाय दाजींनी. तो मी लिहिणार नाही, पण माझी पत्रं त्यांच्याकडं आहेतच.

तुझा,
मामा



परंडा,
२८ मे २०२४

मामा,

नमस्कार. मी परंड्याला परत आले आहे, त्याच खोलीत. अर्ज मागं घेतलेला नाही. वकीलबाई म्हणाल्या, घटस्फोट मिळायला अजून पुष्कळ तारखा लागतील. मी त्यांना शब्दाबद्दल काही सांगितलं नाही.

आधी एक विनंती. आण्णांना आता काही लिहू नका. रागानं नको आणि मायेनं तर त्याहून नको. तुम्ही लिहिता ते ते करतात.

तुम्ही कळंबला बोलावलंत तेव्हाच मी का निघाले नाही, ते सांगायचं राहिलं. आईमुळं थांबले. सुरुवातीला ताट शंभूची बायको सरकवून जायची. चैत्रात एक दिवस आई स्वतः घेऊन आली, पाय ओढत. ताट जमिनीवर ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, चार पावलं मागं सरली आणि हात जोडून उभी राहिली. मला कळेना. मग ती बोलायला लागली. "बाई, कशात जीव अडकला तुझा? काय राहिलं सांग. काय राहिलं आसंल तर म्या बघते."

नदीवर दहाव्याला पिंड ठेवल्यावर कावळा शिवेना झाला की आपली माणसं बोलतात, तसं ती बोलत होती. जिवंत पोरीशी बोलायची तिला बंदी होती ना मामा. मेलेल्याशी बोलायला कुणाची बंदी नसते. ही वाट तिची तिनं काढली, कुणाला विचारलं नाही. तिच्या मनात मी खरंच मेलेली होते की ती आण्णांना चकवत होती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची सोय नव्हती. मी उत्तर दिलं असतं तर ती पळून गेली असती.

कावळा शिवेपर्यंत माणसं जागची हलत नाहीत. म्हणून मी ताटाला हात लावायची नाही. समोर वरण-भाकर, मी भिंतीला टेकून हात मांडीवर. ती बोलायची. माझ्या जन्माचं सांगितलं. तुम्ही लहानपणी तिच्या कडेवर असताना तिची पाटी फोडलीत म्हणून तिची शाळा सुटली, तेही हसत सांगितलं. एकदा म्हणाली, "तुझं मनगट मोडलं तवा म्या निघाले होते बाई. पिशवी भरली होती. तुझा बाप म्हणला, भरलीस तशी रिकामी कर. म्या केली." मी तेव्हाही हात लावला नाही. पुढं ती म्हणाली, "शिवांजलीचं होऊ दे. मग म्या तुला आत घेते. माझ्या हातानं न्हाऊ घालते. हा शब्द हाय माझा." मग मी एक घास घ्यायची. ती "शिवला गं बाई" म्हणायची आणि जायची. दुसऱ्या दिवशी मी आणखी उशीर लावायची. अंगावरचे ब्लाउज सैल झाले. अलिजा दूध घेऊन यायची, ती चिडायची, "जेव की गं, मरशील." मी म्हणायचे, मेलेलीच आहे, त्याचाच तर फायदा घेतेय.

लग्नाच्या दिवशी मला दार लावून घ्यायला सांगितलं होतं. मेलेल्यांनी मंगलकार्यात दिसायचं नसतं. दुपारी अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. थोड्या वेळानं आई ताट घेऊन आली. बुंदी, भजी, वरणभात. नवं लुगडं, कपाळाला मळवट. ती उभी राहिली आणि बोलायला लागली. पोरगी कशी दिसत होती, जावई कसा आहे, सगळं. मी हात लावला नाही. तिकडं शिवांजलीची पाठवणी खोळंबली. ओटी भरायला आई पाहिजे होती. एकजण बोलवायला आला, दुसरा आला. आई म्हणाली, "शिवला न्हाय अजून." ती हलेना.

मला वाटलं, आज ती शब्द पाळणार. लग्न झालं होतं की नाही? मी तिच्याकडं बघितलं आणि मामा, त्या दिवशी पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं. जागेकडं नाही, माझ्याकडं. तिचा हात पुढं आला होता.

तेवढ्यात आण्णा आले. फेटा बांधलेला. ते रागावले नाहीत. त्यांनी एकदा ताटाकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि काय चाललंय ते त्यांना कळलं. मांडवात भटजींकडं गेले, तिथून दर्भाच्या काड्या घेऊन आले. उभ्या उभ्या त्यांना गाठ मारली. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करतात, तसा. खाली वाकून त्यांनी ती गाठ ताटातल्या भाताला लावली.

"शिवला," ते म्हणाले. "चला, पोरगी खोळंबलीय."

हे त्यांनी तुम्हाला विचारलं नव्हतं. हे गावात सगळ्यांनाच येतं.

आईनं हात मागं घेतला. तो लुगड्याला पुसला आणि जोडला. तिचा चेहरा मोकळा झाला, दहाव्याहून परतणाऱ्या माणसांचा होतो तसा. ती पाय ओढत मांडवाकडं निघाली. कावळा शिवल्यावर मागं वळून बघायचं नसतं. तिनं बघितलं नाही.

तुमची,
राजेश्वरी